मागून काढलेला कागद

वरचे दोन स्क्रू बसले. तिसरा काही बसेना.

सुनेनं पॉवर सप्लायचा डबा आतून दोन्ही हातांनी दाबून धरला होता आणि मिस्त्री बाहेरून स्क्रू पिळत होते. लाकडातून स्क्रू सरळ गेला आणि पत्र्यावर टक्कन आपटून थांबला. जिथं डब्याचं भोक असायला हवं होतं तिथं नुसता सपाट पत्रा होता. मिस्त्रींनी तो काढून चौथ्या भोकात घालून बघितला. तिथंही तेच.

"डबा सरकला का गं तुझ्या हातून?"

"नाही बाबा. वरचे दोन पक्के बसलेत. सरकेल कुठं?"

मिस्त्रींनी चष्मा कपाळावर चढवला आणि फळीला डोळा लावला. वायर खोचायचं तोंड आणि त्याशेजारचं बटण दिसावं म्हणून त्यांनी फळीत एक चौकोनी खिडकी कापली होती. कापली होती मोठ्या सुबकपणे, कडा कानशीनं घासून गोलसर केल्या होत्या. त्या खिडकीतून डब्याची जाळी दिसत होती. तोंड आणि बटण दोन्ही दुसऱ्या बाजूला, लाकडाच्या आड गडप झाली होती.

सुनेला एका नजरेत कळलं. घरांचे नकाशे काढण्यात तिची चौदा वर्षं गेली होती. उजवं डावीकडे गेलं होतं आणि डावं उजवीकडे, बाकी माप केसाइतकंही चुकलेलं नव्हतं. वरची दोन भोकं दोन्ही कोपऱ्यांत सारखी होती म्हणून जुळली. खालची दोन तशी नव्हती, ती फसली. कळलं तरी बोलायची तिला भीती वाटली.

भीतीचं कारण होतं रविवारी येणारा टेम्पो.

सासूबाई गेल्याला सव्वा वर्ष झालं होतं, आणि तेव्हापासून मिस्त्रींच्या हातून एकही काम सरळ उतरलेलं नव्हतं. बुटांच्या कपाटाचं दार त्यांनी नवं केलं, ते उघडायला लागलं भिंतीकडं. बूट काढायचे तर माणसानं आधी भिंतीत शिरायला हवं, म्हणून ते उतरवून मागच्या खोलीत ठेवावं लागलं. शेजारच्या मास्तरीणबाईंना किल्ल्यांची पेटी करून दिली, तिचं कुलूप भलत्याच बाजूला आलं. त्या बिचाऱ्या भल्या, "नवीन पद्धत दिसतेय," म्हणून हसत घेऊन गेल्या. मिस्त्री हसले नाहीत. ज्या माणसाला बायकोचं ऐकू येत नाही, गिऱ्हाइकाचं तेवढं ऐकू येतं अशी गल्लीत थट्टा व्हायची, पण हातातल्या कामाबद्दल ज्याला उभ्या जन्मात कुणी शब्द ऐकवला नव्हता, त्याला हे फार लागलं.

तिच्या नवऱ्यानं बापाला डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरांनी तारीख विचारली, वार विचारला, शंभरातून सात-सात वजा करायला लावलं. मिस्त्रींनी सगळं धडाधड सांगितलं आणि वर दवाखान्याच्या टेबलाचा एक पाय आखूड आहे हेही सांगितलं. तरी नवऱ्याच्या मनातली पाल चुकचुकायची थांबली नाही. करवतीशी खेळ होता. आज दार उलटं बसलं, उद्या बोट गेलं म्हणजे? त्यानं एका शाळेच्या सुतारकामाच्या वर्गाशी बोलून ठेवलं, की रविवारी टेम्पो आणून मागच्या खोलीतला बाक आणि हत्यारं घेऊन जा. बाक म्हणजे मिस्त्रींचं काम करायचं लांबलचक लाकडी टेबल. त्यावर त्यांनी चाळीस वर्षं काढली होती.

मिस्त्रींनी ऐकून घेतलं. मग सुनेच्या टेबलाकडं बोट दाखवलं. तिथं तिचा कॉम्प्युटर वर्तमानपत्रावर आतडी बाहेर काढून पडलेला होता. पत्र्याचं कॅबिनेट गंजून खिळखिळं झालं होतं, आणि पॉवर सप्लायचा डबा एका चपलांच्या खोक्यावर टेकवून ती महिनाभर कसंबसं काम रेटत होती.

"हिला लाकडी कॅबिनेट करून देतो," मिस्त्री मुलाला म्हणाले. "तो डबा खणखणीत बसवून देतो. बसला तर बाक राहील. नाही बसला तर तुझ्या टेम्पोत मीच उचलून ठेवीन. मग मी हत्याराला हात लावणार नाही."

मिस्त्री शब्दाचे पक्के होते. सगळं घर ते ओळखून होतं.

आणि आता गुरुवारी संध्याकाळी डबा दोन स्क्रूंवर लोंबत होता.

"माझाच कागद चुकला असणार, बाबा," सून म्हणाली. "मी घाईत काढला."

मिस्त्रींनी बाकावरचा कागद घेतला. तिनं ट्रेसिंगच्या पातळ कागदावर डब्याच्या पाठीचं चित्र काढून दिलं होतं, बाहेरून दिसते तशी पाठ, भोकं, खिडकी, सगळं मापानं. मिस्त्रींनी डबा सोडवून त्याच्या पाठीवर तो ठेवला. भोकावर भोक आलं. पट्टी लावून बघायचीही गरज नव्हती.

"तुझा कागद बरोबर आहे. नकाशेबाई कधी चुकतात का?" ते म्हणाले. एरवी ते तिला 'नकाशेबाई' म्हणत ते चिडवायला, आज त्यात चिडवणं नव्हतं. "मला फुंकर घालू नकोस. कागद बरोबर, फळी चूक. म्हणजे मधला माणूस चूक."

त्यांनी कागद चुरगाळून भुशाच्या पाटीत टाकला. मुलगा दारात येऊन उभा राहिला होता. त्याचा चेहरा पडलेला होता. बाप हरावा असं त्यालाही वाटत नव्हतं.

"अजून एक फळी आहे," मिस्त्री त्याच्याकडं न बघता म्हणाले. "शनिवारपर्यंत वेळ आहे."

"राहू द्या ना बाबा," सून म्हणाली. "दोन स्क्रूंवर राहील की. मागून कोण बघतंय?"

"दोन स्क्रूंवर?" मिस्त्रींनी वळून बघितलं. "दोन किलोचा डबा, आत पंखा फिरणार, दिवसभर थरथर. सहा महिन्यांत आटे ढिले होतील आणि पडेल खालच्या त्या सर्किटच्या हिरव्या पाटीवर. आणि वायर कुठून खोचशील, माझ्या डोक्यातून?"

ही सहा महिन्यांपुढची काळजी करणारा माणूस डोक्यानं अधू झालाय, हे सुनेला काही केल्या पटेना. कॅबिनेटच तिच्यासमोर होतं. डब्याचं वजन नुसत्या स्क्रूंवर येऊ नये म्हणून त्यांनी खाली लाकडी पट्टीचा टेकू दिला होता. थरथर लाकडात उतरून घुमू नये म्हणून टेकूवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवला होता. पंख्याची गरम हवा कोंडू नये म्हणून वरती चार बोटं जागा सोडली होती. फळी जाड, स्क्रू आखूड; तर स्क्रूला पुरेसे आटे मिळावेत म्हणून तेवढाच भाग आतून पटाशीनं खरवडून पातळ केला होता. हे सगळं ज्याला सुचतं त्याला डावं-उजवं कळत नाही?

रात्री जेवताना मिस्त्रींनी भात परत घेतला नाही.

शुक्रवारी दुपारी नवरा कामावर आणि मिस्त्री आडवे झालेले, तेव्हा ती मागच्या खोलीत गेली. पाटीतून आपला कागद काढून तिनं बाकावर पसरला आणि तळहातानं सुरकुत्या साफ करायला लागली. हाताला काहीतरी टोचलं.

भोकांचे मध्य फळीवर उमटावेत म्हणून मिस्त्री कागद फळीवर ठेवून त्यातून टोच्या मारत. टोच्या ज्या बाजूनं शिरतो ती बाजू गुळगुळीत राहते, ज्या बाजूनं निघतो तिथं कागद फाटून खरखरीत होतो. खरखर पेन्सिलीच्या बाजूला होती. तिनं पुन्हा बोट फिरवलं. म्हणजे टोच्या मागच्या कोऱ्या बाजूनं मारला होता. म्हणजे मिस्त्रींनी कागद उलटा करून फळीवर ठेवला होता. कागद पातळ, रेघा आरपार दिसत होत्या, त्यामुळं त्यांना काही खटकलंच नसणार.

आता एवढं बिनचूक काम करणारा माणूस कागद उलटा का ठेवील? तिचं लक्ष वर खुंटीला टांगलेल्या पत्र्याच्या नळकांड्याकडं गेलं.

त्यात जुने कागद होते, गुंडाळी करून सुतळीनं बांधलेले. मिस्त्री आणि सासूबाई मिळून रेडिओची लाकडी खोकी करत, पुढं टीव्हीची, स्पीकरची. प्रत्येक नमुन्याचा एकेक कागद सासूबाईंनी जपून ठेवला होता. पातळ कागद, त्यावर तेलाचा हात फिरवून आरपार दिसेलसा केलेला, आता पिवळा पडलेला. कोपऱ्यात सासूबाईंचं ठाशीव अक्षर. एकावर लिहिलं होतं, "आपला घरचा."

घरचा रेडिओ बाहेरच्या खोलीत कपाटावर होता, मुका होऊन वीस वर्षं झाली तरी कुणी हलवला नव्हता. ती कागद घेऊन गेली आणि रेडिओच्या तोंडावर धरला. स्टेशन लावायचं मोठं बटण रेडिओवर उजवीकडं होतं. कागदावर ते डावीकडं होतं. तिनं कागद उलटा केला. बटणावर बटण, काचेवर काच, सगळं बसलं.

ती परत आली आणि एकेक गुंडाळी सोडत गेली. सगळ्या कागदांवर खरखर पेन्सिलीच्याच बाजूला होती. तीस वर्षांत मिस्त्रींनी एकही कागद सरळ ठेवलेला नव्हता.

मग तिला आठवलं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी सासूबाई भाजी निवडता निवडता सांगत होत्या, "हे पुढं बसायचे, मी मागं. मध्ये खोकं. मला मागचं सगळं पोट दिसायचं रेडिओचं, यांना नुसतं तोंड. एका खोलीत राहून दिवसदिवस आम्हाला एकमेकांचे हातच तेवढे दिसायचे." तेव्हा ती नुसती हसली होती.

सासूबाई मागं बसून, मागून दिसतं तसं काढत. मिस्त्री पुढून भोक पाडत, कारण गिरमिट जिथून शिरतं ती बाजू साफ येते, चिरफळ्या निघतात त्या पलीकडं. म्हणून ते कागद उलटा करत. त्यांच्या दोघांच्या कामाची ती रीतच होती. यात डोक्याचा काही संबंध उरलेला नव्हता, अंगठा ओल्या फडक्यावर टेकायचा, कागदाचा कोपरा धरायचा, उलटायचा. बाई गेल्या आणि त्यांचं अर्धं काम करणारं कुणी राहिलं नाही; कपाटाचा, पेटीचा कागद मिस्त्रींनी स्वतःच पुढून काढला असणार. मिस्त्री आपलं अर्धं अजून चोख करत होते.

सुनेला रडू आलं. भुशाच्या खोलीत उभं राहून ती चांगली रडली, मग पदरानं तोंड पुसलं आणि विचार करायला लागली.

सांगावं का त्यांना? बाबा, तुम्ही कागद उलटा करता. एवढंच तर वाक्य होतं. पण सांगितलं की उद्या ते कागद हातात घेऊन थांबणार. कुठली बाजू, कुठली बाजू, असं दरवेळी स्वतःला विचारणार, आणि ज्या हातानं कधी विचारलं नाही त्या हाताला विचारायची सवय लागली की तो कापायला लागणार. शिवाय सांगायचं म्हणजे हेही सांगायचं, की सव्वा वर्ष तुम्ही पलीकडं कुणी बसलंय असं धरून चालला आहात. ते तिच्या जिभेवर येईना.

बाकाच्या पलीकडच्या बाजूला, भिंतीशी, एक बुटकं स्टूल होतं. ते मिस्त्री कुणाला हलवू देत नसत. झाडतानासुद्धा त्याच्याभोवतीनं झाडायचं. तिनं त्याला हात लावला नाही. उभ्यानंच कॅबिनेटमध्ये डबा ठेवला, खाली वाकून आतल्या बाजूनं बघितलं आणि काढायला घेतलं.

पहिला कागद सरळच निघाला. चौदा वर्षांची सवय तिलाही होती. दुसऱ्यात खिडकी उलटी पण भोकं सुलटी. तिला स्वतःचंच हसू आलं. शिकाऊ पोरीनं असा नकाशा आणला असता तर तिनं तो फाडून टाकला असता. तिसरा कागद तिनं उजेडासमोर धरला, उलटा केला, डब्याच्या पाठीला लावला. जमलं होतं. जन्मात पहिल्यांदा तिनं मुद्दाम चुकीचा नकाशा काढला होता आणि तो अगदी बिनचूक आला होता.

शनिवारी सकाळी मिस्त्री दाढी करून, धुतलेला सदरा घालून बाकापाशी आले. परीक्षेला निघाल्यासारखे दिसत होते. शेवटची फळी रंधून तयार होती. नवरा घरीच होता. तो वर्तमानपत्र घेऊन दारातल्या खुर्चीवर बसला, पण पान काही उलटत नव्हता.

"कागद?" मिस्त्री म्हणाले.

"नवा काढलाय. जुना पार चुरगळला होता."

तिनं तो पेन्सिलीची बाजू वर करून बाकावर ठेवला. मिस्त्रींनी फळीच्या कडा गुण्या लावून तपासल्या. मग अंगठा ओल्या फडक्यावर टेकला. तिनं श्वास धरला. आजच त्यांना जपून काम करावंसं वाटलं तर? आजच थांबून बघितलं तर?

मिस्त्रींनी कोपरा धरला आणि कागद उलटा केला. वर्तमानपत्र वाचत माणूस पान उलटतो तितक्या सहज. त्यांची नजर तेव्हा टोच्या शोधत होती.

मग दीड तास खोलीत गिरमिटाचा, पटाशीचा आणि कानशीचा आवाज होता, बाकी काही नाही. फळी कॅबिनेटला लागली. डबा टेकूवर ठेवला गेला. तिनं आतून दाबून धरला. खिडकीतून वायरीचं तोंड आणि बटण दोन्ही सरळ बाहेर बघायला लागली.

पहिला स्क्रू बसला. दुसरा बसला. तिसऱ्याला मिस्त्रींनी हात लावला आणि थोडे थांबले. मग फिरवला. पत्र्यात आटे धरल्याचं तिला आतून, बोटांना कळलं. चौथा तर लोण्यात शिरावा तसा गेला.

वायरी जोडल्या, बटण दाबलं. पंखा फिरला. पत्र्याच्या खोक्यात तो खडखडायचा, इथं नुसता बारीक हुंकार आला. नवरा उठून आला. त्यानं डबा धरून ओढून बघितला, हलवून बघितला, दोन्ही हातांनी जोर लावला. कॅबिनेट हललं, बाक हलला, डबा हलला नाही.

"पक्का बसलाय," तो म्हणाला. "बाबा, एकदम पक्का." आणि फोन घेऊन बाहेर गेला. टेम्पो नको म्हणून सांगताना तो जरा जास्तच मोठ्यानं बोलत होता, तोंडावर हसू असलेला माणूस बोलतो तसा.

मिस्त्री बाक आवरायला लागले. हत्यारं फडक्यानं पुसून जागच्या जागी ठेवली. शेवटी कागद उचलला, गुंडाळी करायला घेतली आणि त्यांचं बोट खरखरीवर थांबलं.

त्यांनी कागद उजेडात धरला. सरळ करून बघितला, उलटा करून बघितला. कॅबिनेटच्या पाठीला लावला. पेन्सिलीची बाजू वर ठेवली तर भोकं जुळेनात. सून झाडू घेऊन खाली बसली होती. वर बघायचं तिला धाडस झालं नाही.

"हा मागून काढलाय," ते म्हणाले.

"हो."

"आणि परवाचा पुढून होता."

"हो, बाबा."

मिस्त्रींनी बुटांच्या कपाटाच्या दाराकडं बघितलं. ते उतरवल्यापासून भिंतीला टेकून होतं. मग भिंतीकडं, स्टुलाकडं. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसायची घाई केली नाही.

"म्हणजे हात शाबूत आहे," ते म्हणाले.

"कधीचा शाबूत आहे."

मिस्त्री बाकाला वळसा घालून पलीकडं गेले, वाकले आणि भिंतीशी असलेलं ते स्टूल एका हातानं ओढून बाकापाशी आणलं. खाली चार पायांचे चार ठसे राहिले, तेवढीच फरशी स्वच्छ होती. स्टुलावरची धूळ त्यांनी स्वतःच्या फडक्यानं पुसली.

"उभ्यानं काढतेस म्हणून रेघ जरा जाड येतेय तुझी," ते म्हणाले. "बस इथं. ते बुटांचं दार आधी घेऊ, मास्तरीणबाईंची पेटी मग."

ती बसली. स्टूल तिला बुटकं होतं, गुडघे वर आले. मिस्त्रींनी दार आणून बाकावर मधोमध उभं केलं. समोर बाकाची पलीकडची कड होती आणि त्या कडेवर मिस्त्रींचे दोन हात, वाट बघत असलेले. तोंड दिसत नव्हतं, मध्ये दार उभं होतं.

दाराच्या बिजागऱ्या उजवीकडं हव्या होत्या. तिनं पट्टी लावली, पेन्सिलीला टोक केलं, त्या जपून डावीकडं काढल्या आणि कागद दाराखालून त्यांच्याकडं सरकवला.